खडबडीत जमिनीवर रोव्हरची चाल सुधारताना: मोटार आणि चाकाआधी घसरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या विद्यार्थी गटाने स्पर्धेसाठी रॉकर-बोगी रचनेचा, म्हणजे प्रत्येक बाजूला सांध्याने जोडलेल्या दोन दांड्यांवर (मोठा रॉकर, छोटी बोगी) तीन चाके बसवलेला, सहा चाकी रोव्हर तयार केला आहे. दगडांवरून तो विनातक्रार चढतो, परंतु कोरड्या वाळूच्या साधारण १५ अंशांच्या उतारावर त्याची चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि थोड्याच वेळात रोव्हर पोटावर टेकतो. अशा वेळी अधिक ताकदीच्या मोटारी बसवाव्यात की चाके रुंद करावीत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते यांपैकी कशावरही खर्च करण्याआधी रोव्हरला स्वतःची घसरण मोजता आली पाहिजे. ती मोजता आली की चाके, सस्पेन्शन (चाकांना मुख्य पेटीशी जोडणारी रचना) आणि मार्गनिवड यांपैकी नेमके काय बदलायचे, हे बऱ्याच अंशी आपोआप स्पष्ट होते.

मोटारीचा प्रश्न आधी निकालात काढू. चाक जागच्या जागी फिरत आहे, याचा अर्थ मोटारीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पुरेसा आहे. कमी पडते आहे ती चाकाखालच्या मातीची ताकद. चाक रोव्हरला पुढे ढकलते तेव्हा ते मातीच्या एका थराला मागे रेटत असते, आणि तो थर खालच्या थरावरून सरकू लागला की त्यापुढे कितीही टॉर्क दिला तरी रेटा वाढत नाही. हा थर किती जोर सहन करील, हे दोन गोष्टींवर ठरते: मातीचे कण एकमेकांना किती चिकटलेले आहेत आणि त्यांच्यातील घर्षण किती आहे. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे उरते ते फक्त घर्षण, आणि ते चाकावरील भाराच्या प्रमाणात असते.

आता हिशेब करून पाहा. सैलसर कोरड्या वाळूचा घर्षणकोन ३० ते ३५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे जमिनीला लंब असलेल्या भाराच्या सुमारे ०.६ ते ०.७ पट एवढा रेटा तत्त्वतः मिळू शकतो. १५ अंशांचा उतार चढण्यासाठी त्याच भाराच्या ०.२७ पट बल लागते. कागदावर तुमच्याकडे भरपूर शिल्लक आहे, तरीही रोव्हर अडकतो, कारण ही शिल्लक चाक मातीत रुतल्यामुळे निर्माण होणारा विरोध खाऊन टाकतो. रुतलेल्या चाकाला पुढची माती दाबत आणि लोटत जावे लागते. चाक जितके खोल, तितका हा विरोध मोठा, आणि फिरत्या चाकाची घसरण जितकी जास्त, तितके ते स्वतःच्या खालची माती मागे उपसून अधिक खोल जाते. घसरणीमुळे रुतणे, रुतण्यामुळे विरोध आणि विरोधामुळे आणखी घसरण असे हे चक्र एकदा सुरू झाले की मोठी मोटार ते केवळ अधिक वेगाने फिरवते. तुमच्या रोव्हरच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे.

घसरण मोजण्याचे सूत्र सोपे आहे. चाकाच्या फेऱ्यांवरून जेवढे अंतर कापले जायला हवे, त्यातून प्रत्यक्ष कापलेले अंतर वजा करायचे आणि बाकीला पहिल्या अंतराने भागायचे. २० सेंटीमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे ६३ सेंटीमीटर जायला हवे. ते ३१ सेंटीमीटरच गेले, तर घसरण जवळपास ५० टक्के झाली. थोडी घसरण आवश्यकच असते, कारण माती किंचित सरकल्याशिवाय तिची पूर्ण ताकद वापरात येत नाही. सैल वाळूत निव्वळ ओढ (रेट्यातून विरोध वजा जाता उरणारे बल) सुरुवातीला घसरणीबरोबर झपाट्याने वाढते, नंतर तिची वाढ मंदावते, आणि पुढे जास्तीची घसरण रेट्यापेक्षा खड्डाच अधिक वाढवते. मी साधारणपणे २० ते ३० टक्क्यांपर्यंत निश्चिंत असतो, ४० टक्क्यांपुढे वेग कमी करून दिशा बदलण्याचा विचार करतो आणि ६० टक्के ओलांडले की रोव्हरला स्वतःहून थांबायला सांगतो. तुमच्या वाळूसाठी हे आकडे थोडे वेगळे निघतील, पण थांबण्याची मर्यादा ठरलेलीच असली पाहिजे.

या मर्यादेचे महत्त्व मंगळावर फार स्पष्टपणे दिसले. एप्रिल २००५ मध्ये नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर मेरिडियानी प्लेनम भागातील वाळूच्या एका बुटक्या लाटेत सर्व सहा चाकांनिशी रुतला. त्या दिवशीची चाल चाकांच्या फेऱ्या मोजूनच चालली होती. आपण पुढे जात नाही आहोत, हे रोव्हरला कळण्याची सोय त्या वेळी चालू नव्हती. त्यामुळे चाके फिरत राहिली आणि खोल जात राहिली. पुढे ‘पर्गेटरी’ असे नाव मिळालेल्या त्या लाटेतून बाहेर पडायला जूनचा पहिला आठवडा उजाडला. त्या काळात चाके दीडशे मीटरांहून अधिक अंतराएवढी फिरली आणि रोव्हर मात्र जेमतेम मीटरभर सरकला. त्यानंतर वाटचालीत ठरावीक अंतराने घसरण तपासण्याची शिस्त लागली. त्या रोव्हरने अखेरीस ४५ किलोमीटरांहून अधिक प्रवास केला, यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

प्रत्यक्ष कापलेले अंतर कसे मोजायचे, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न असेल. त्वरणमापकाच्या नोंदींची बेरीज करत जाण्याचा मोह टाळा, कारण सेंटीमीटर प्रति सेकंद अशा संथ चालीत त्याची चूक काही सेकंदांतच मोजायच्या अंतरापेक्षा मोठी होते. मंगळावरील रोव्हर कॅमेऱ्याच्या दोन लागोपाठच्या प्रतिमांमध्ये तेच दगड, त्याच खुणा शोधून स्वतःचे सरकणे काढतात. या पद्धतीला व्हिज्युअल ओडोमेट्री म्हणतात. सपाट, एकसारख्या वाळूत अशा खुणा मिळत नाहीत. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या चाकांमध्ये मुद्दाम ठेवलेली छिद्रे तेथे उपयोगी पडतात: प्रत्येक फेरीला मातीत एक ठरावीक नक्षी उमटते आणि मागे वळून तिचे अंतर मोजता येते. ही छिद्रे मोर्स लिपीत ‘जेपीएल’ (रोव्हर बनवणाऱ्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची आद्याक्षरे) ही अक्षरे लिहितात, ही अभियंत्यांची मिश्कीली. तुम्हाला यापेक्षा साधे उपाय चालतील. रोव्हरच्या पोटाखाली जमिनीकडे पाहणारा छोटा कॅमेरा किंवा मागे मोकळे ओढले जाणारे, मोटार नसलेले हलके चाक आणि त्यावर एन्कोडर (फेऱ्या मोजणारे उपकरण) एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. शिवाय प्रत्येक मोटारीचा विद्युतप्रवाह नोंदवत राहा. कोणते चाक आधी रुतू लागले, हे त्या आलेखावरून अनेकदा कॅमेऱ्याच्या आधी कळते.

कोणते चाक आधी रुतते, याचे उत्तर बहुधा मागचे असेल, आणि त्याचे कारण चाकात नसून गुरुत्वमध्यात सापडेल. समजा तुमच्या रोव्हरचा गुरुत्वमध्य चाके टेकतात त्या पातळीपासून ३० सेंटीमीटर उंचीवर आहे. १५ अंशांच्या उतारावर त्या बिंदूतून काढलेली उभी रेषा जमिनीला सपाटीवरच्या जागेपेक्षा ८ सेंटीमीटर मागे टेकते. लांबी ७०-८० सेंटीमीटर असलेल्या रोव्हरसाठी हा फरक मोठा आहे: पुढची चाके हलकी होऊन पकड गमावतात आणि मागची जास्त भारामुळे खोल जातात. म्हणून बॅटरी खाली आणि थोडी पुढे सरकवणे हा सर्वांत स्वस्त बदल आधी करून पाहा. सपाटीवर सहाही चाकांवरील भार वजनकाट्यावर मोजून घ्या. रॉकर आणि बोगीच्या सांध्यांची जागा थोडी चुकली तरी तो असमान होतो आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

आता चाकांविषयी. रुंद चाक आणि मोठ्या व्यासाचे चाक दोन्ही जमिनीवरील दाब कमी करतात, पण त्यांचा परिणाम सारखा नसतो. मातीत रुतलेले चाक समोरच्या मातीला जेवढ्या रुंदीत ढकलते, तेवढा विरोध त्याला होतो. रुंदी वाढवली की हा विरोधही वाढतो. व्यास वाढवला तर संपर्काचा पट्टा लांब होतो, चाक मातीला कमी तीव्र कोनात भिडते आणि दगडावर चढणेही सोपे जाते. म्हणून जागा असेल तर मी आधी व्यास वाढवतो. नासाच्या नंतरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरसाठी चाके नव्याने आखताना ती क्युरिऑसिटीच्या ५० सेंटीमीटरवरून ५२.५ सेंटीमीटर व्यासाची, पण अधिक अरुंद केली गेली. अर्थात व्यास वाढला की तेवढ्याच रेट्यासाठी टॉर्क जास्त लागतो आणि गुरुत्वमध्यही वर जातो. त्यामुळे मोटारीचा तुमचा प्रश्न या टप्प्यावर पुन्हा विचारात घ्यावा लागेल, मात्र तेव्हा त्याला नेमका आकडा असेल.

संपर्काचा पट्टा लांबवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे लवचीक चाक. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीची चाके जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांच्या जाळीची होती आणि त्यांवर टायटॅनियमच्या तिरप्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. भार पडला की जाळी चपटी होऊन जास्त जमीन व्यापत असे. निकेल आणि टायटॅनियमच्या, मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूपासून विणलेल्या टायरवर नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात काम झाले आहे, तेही याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. विद्यार्थी गटाने पातळ स्प्रिंगपट्टीचे आरे वापरून असे चाक बनवणे शक्य आहे, पण दगडांवर बाजूने येणाऱ्या बलाखाली ते वाकून निकामी होणार नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

चाकाच्या परिघावर आडव्या बसवलेल्या पात्यांना, म्हणजे ग्राउजरना, मी रुंदीपेक्षा वरचे स्थान देतो. गुळगुळीत धातूचे चाक वाळूवरून घसरते तेव्हा धातू आणि वाळू यांच्यातील घर्षण कामी येते, आणि ते वाळूच्या स्वतःच्या अंतर्गत घर्षणापेक्षा कमी असते. पात्या असल्या की मातीचा थर मातीवरूनच सरकावा लागतो, म्हणजे मातीची पूर्ण ताकद वापरात येते. पात्यांची उंची जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांच्यातील अंतरही. अंतर जास्त असेल, तर एक पाती मातीबाहेर पडून दुसरी पुरेशी आत जाईपर्यंत मधला मोकळा पत्रा माती पुढे ढकलत राहतो आणि चाल धक्क्याधक्क्याने होते. काचेच्या भिंतीच्या वाळूपेटीत एकच चाक फिरवून पाहिलेत, तर चाकाच्या पुढ्यात प्रत्येक पातीगणिक मातीचा छोटा उंचवटा तयार होऊन मोडताना दिसेल. पात्या जवळ आणत गेलात की एका मर्यादेनंतर हा उंचवटा नाहीसा होतो. तेच तुमच्या चाकासाठी योग्य अंतर.

तुमचा रोव्हर दगडांवर उत्तम चालतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो चढतो हे मान्य. पण चढताना चाकांना काय सोसावे लागते, ते पाहिले आहे का? रॉकर-बोगीमध्ये पुढचे चाक दगडाला भिडते तेव्हा मागची चाके त्याला दगडावर दाबून धरतात आणि ते स्वतः फिरत वर चढते. नंतर मधल्या चाकाला मागचे ढकलते आणि पुढचे ओढते. दोन्ही बाजूंचे रॉकर डिफरन्शियलने (एक बाजू वर गेली की दुसरी खाली नेणाऱ्या जोडणीने) जोडलेले असल्यामुळे मुख्य पेटीचा कल दोन्ही बाजूंच्या कलांच्या सरासरीएवढाच राहतो. १९९७ च्या सोजर्नरपासून पर्सिव्हरन्सपर्यंत नासाच्या मंगळावरील सर्व रोव्हरनी हीच रचना वापरली आणि चंद्रयान-३ चा प्रज्ञानही तिच्यावरच चालला. तिचा एक दोष मात्र बरेच दिवस दुर्लक्षित राहिला. चढणाऱ्या चाकाला दगडाच्या पृष्ठभागावरून लांबचे अंतर कापायचे असते, तर सपाटीवरील चाकांना कमी. सर्वांना एकच वेग दिला, तर मागची चाके पुढच्याला टोकदार दगडावर रेटतात.

क्युरिऑसिटीच्या चाकांचे असेच झाले. त्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा पात्यांच्या मधल्या भागात फक्त ०.७५ मिलिमीटर जाड आहे. खडकात घट्ट रुतलेले, वाऱ्याने झिजून टोकदार झालेले दगड हलत नाहीत, आणि २०१३ मध्ये त्यांनी या पत्र्याला छिद्रे पाडलेली दिसू लागली. त्यावर एक उपाय मार्ग बदलण्याचा होता, दुसरा काही वेळा उलटे चालवण्याचा, आणि तिसरा, मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा उपाय, २०१७ मध्ये पृथ्वीवरून पाठवलेल्या आज्ञावलीचा. ही आज्ञावली सस्पेन्शनचे कोन आणि ते बदलण्याचा वेग पाहून प्रत्येक चाक त्या क्षणी कोणत्या चढावर आहे याचा अंदाज घेते आणि त्याप्रमाणे प्रत्येक चाकाचा वेग वेगळा ठेवते. चाचण्यांत यामुळे पुढच्या चाकांवरील बल सुमारे २० टक्क्यांनी आणि मधल्या चाकांवरील ११ टक्क्यांनी कमी झाले. एकही नवा सुटा भाग न लावता झालेली ही सुधारणा आहे. तुमच्या रॉकर आणि बोगीच्या सांध्यांवर कोनमापक बसवणे अवघड नाही, आणि तेवढ्यावर हा हिशेब करता येतो. वाळूतही त्याचा फायदा होतो, कारण एकमेकांविरुद्ध ओढणारी चाके विनाकारण घसरण वाढवतात.

वळण्याविषयी थोडक्यात सांगतो. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातील फरकाने वळणारा रोव्हर वाळूत प्रत्येक वळणाला चाके आडवी घासून खड्डा करतो. वळण्यासाठी वेगळ्या मोटारी लावणे शक्य नसेल, तर उतारावर जागच्या जागी वळू नका; सपाट भागात दिशा पक्की करूनच उताराला लागा.

उतार चढण्याची पद्धतही बदलून पाहा. तिरपे चढल्याने चढाचा प्रभावी कोन कमी होतो, परंतु रोव्हर खालच्या बाजूला सरकू लागतो आणि खालच्या चाकांवर भार वाढतो; चारही कोपऱ्यांची चाके वळत असतील, तर ती किंचित वरच्या दिशेला ठेवून हे सरकणे भरून काढता येते. याहून पुढचा उपाय म्हणजे चालण्याची हालचाल. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरच्या चाकांचे पाय स्वतंत्र मोटारींनी पुढे-मागे हलू शकतात: काही चाके स्थिर राहून जमीन धरतात, तेवढ्यात बाकीची पुढे सरकतात. स्थिर चाक माती उपसत नाही, त्यामुळे ते फिरत्या चाकापेक्षा चांगला आधार देते. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या चीनच्या झुरोंगमध्येही सक्रिय सस्पेन्शन होते, ज्यामुळे त्याला पोट वर उचलता येत असे. मात्र सहा जादा मोटारी म्हणजे वजन, वायरी आणि बिघाडाच्या सहा नव्या जागा. तुमच्या रोव्हरसाठी मी हा उपाय शेवटी ठेवेन.

वाट निवडण्याचा भाग मी अखेरीस घेतला असला, तरी कमी महत्त्वाचा नाही. दुहेरी कॅमेऱ्याला दगडाची उंची दिसते, मातीचा मऊपणा दिसत नाही. मे २००९ मध्ये स्पिरिट रोव्हर मंगळावर ‘ट्रॉय’ नावाच्या जागी अडकला, तिथे वरचा थर कडक दिसत होता. तो मोडला आणि चाके खालच्या भुसभुशीत, सल्फेटयुक्त वाळूत गेली. त्याचे पुढचे उजवे चाक २००६ पासून बंद होते आणि सुटण्याच्या प्रयत्नांत आणखी एक निकामी झाले. जानेवारी २०१० मध्ये तो एकाच जागी राहून काम करणारे केंद्र म्हणून घोषित झाला. (त्याच बंद चाकाने आधी फरफटत जाताना उकरलेल्या चरात जवळजवळ शुद्ध सिलिका सापडली होती, म्हणजे बिघाडातूनही विज्ञानाला काही मिळाले.) कक्षेतून सर्वांत बारकाईने घेतलेल्या मंगळाच्या प्रतिमांतही एका बिंदूत सुमारे २५ सेंटीमीटर जमीन मावते, त्यामुळे चाक फोडणारा दगड त्यांत ओळखू येत नाही. मंगळापर्यंत संदेश पोहोचायला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून जागेवरच निर्णय घेणारी यंत्रणा लागते; पर्सिव्हरन्सला चालता चालता प्रतिमा तपासण्यासाठी वेगळा संगणक दिला आहे तो यासाठीच. आणि कधी कधी परत फिरणे हाच योग्य निर्णय असतो: ऑगस्ट २०१४ मध्ये ‘हिडन व्हॅली’ नावाच्या वाळूच्या दरीत अपेक्षेपेक्षा जास्त घसरण आढळताच क्युरिऑसिटीला मागे आणून दुसरी वाट शोधण्यात आली. तुमच्या रोव्हरनेही रुतण्याची चिन्हे दिसताच स्वतःच्या चाकोरीतून, चाके सरळ ठेवून, मागे यावे. त्या पट्ट्यातील माती आधीच दबलेली असल्याने तिथे पकड जास्त मिळते.

शेवटी चाचणीविषयी, कारण तुमचे निष्कर्ष यावरच अवलंबून राहतील. मंगळावरील गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आणि चंद्रावरील सुमारे एक षष्ठांश आहे, म्हणून अनेकजण हलका केलेला रोव्हर वाळूत चालवून निर्धास्त होतात. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीमध्येही ‘स्केअरक्रो’ नावाचा, संगणकाशिवायचा हलका रोव्हर अशा चाचण्यांसाठी वापरला जातो आणि तो उपयुक्त आहे. पण रोव्हर हलका झाला तरी वाळूचे कण पृथ्वीच्याच गुरुत्वाने एकमेकांवर दाबलेले राहतात. कमी गुरुत्वात हा दाबही कमी होतो आणि माती अधिक सहज सरकते. त्यामुळे अशी चाचणी प्रत्यक्षापेक्षा आशादायक निकाल देऊ शकते, आणि तिच्यात मिळालेल्या घसरणीवर भरपूर राखीव मर्यादा ठेवावी. तुमची स्पर्धा पृथ्वीवरच असल्याने ही अडचण तुम्हाला नाही. तुमची अडचण वेगळी आहे. एकदा रोव्हर गेलेली वाळू दबलेली असते, आणि त्याच पट्ट्यात दुसरी फेरी घेतली की नवे चाक विनाकारण चांगले वाटते. प्रत्येक फेरीआधी वाळू ठरावीक खोलीपर्यंत खणून सैल करा, पट्टीने समतल करा, उताराचा कोन पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच बदल करा: आधी बॅटरीची जागा, मग चाकांच्या वेगांचा मेळ, मग पात्यांमधील अंतर, आणि त्यानंतर व्यास. प्रत्येक बदलानंतर ५, १० आणि १५ अंशांवरील घसरणीचे आकडे एकाच आलेखावर मांडा. व्यासापर्यंत जाण्याची गरज पडलीच, तर त्या आलेखासह पुन्हा लिहा. मोटारीचा टॉर्क तेव्हा नेमका किती हवा, हे काढणे फार अवघड जाणार नाही.